दादांचं हमखास उदाहरण

आमच्या घरात भाकरी थापण्याचा आवाज आणि दादांचं व्याख्यान ही दोन्ही एकाच वेळी चालायची. सोनपेठला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी आणि शहाबादी फरशीचं एवढंसं अंगण. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दादा घरी येत, सदरा खुंटीला लावत आणि बनियनवर अंगणात येरझारा घालत उद्याच्या व्याख्यानाची उजळणी करत. आत माय चुलीपुढं बसलेली. "मित्रहो," असं दादा म्हणायचे, की आतून थप थप थप. "मित्रहो, लिहिणं म्हणजे आधी बघणं," आणि पुन्हा थप थप थप. मधेच भाकरी तव्यावर पडली की आवाज थांबायचा, मग दादाही थांबायचे, जणू टाळ्या संपायची वाट बघतायत. मला तेव्हा वाटायचं, जगातले सगळे लेखक भाकरीच्या ठेक्यावरच बोलत असतील. ताटात अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा, आणि दादांचं लक्ष ताटात नसायचंच. माय म्हणायची, "अवो, जेवताना तरी ती सभा बरखास्त करा."

दादा तिथल्या हायस्कुलात मराठीचे मास्तर होते. लग्नाआधी त्यांनी एक कादंबरी लिहिली होती, गोदाकाठच्या एका नावाड्याच्या घराण्यावर. तिला पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला आणि आमच्या परभणी जिल्ह्याला आपला एक लेखक मिळाला. दुसरी कादंबरी येणार, येणार म्हणता म्हणता व्याख्यानंच सुरू झाली. विषय एकच, 'लिहावं कसं'. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, पोखर्णी, कुठं शाळेचं स्नेहसंमेलन, कुठं वाचनालयाचा वर्धापन दिन, कुठं गणपतीतली व्याख्यानमाला. एसटीनं जायचं, बोलायचं, शाल आणि नारळ घेऊन परत यायचं. त्या शालींची मायनं पुढं गोधडी शिवली. नारळाच्या चटणीचं तर विचारू नका, आमच्याइतकी ती कोकणातल्या माणसानंही खाल्ली नसेल. दादा परत आले की माय पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि एवढंच विचारायची, "कसं झालं?" दादा म्हणायचे, "बरं झालं." मग माय नारळ कानाशी धरून हलवून बघायची, पाणी आहे का. स्वतः ती कधी व्याख्यानाला गेली नाही. चौथी शिकलेली होती, राणीसावरगावच्या शेतकऱ्याची लेक. "लेकराबाळाच्या बाईला कुठलं आलंय भाषण," म्हणायची.

मी मात्र जायची. अकरा-बारा वर्षांची झाले तसं दादा मला सुट्टीच्या दिवशी बरोबर नेऊ लागले. ते व्याख्यान मला तोंडपाठ होतं. सुरुवातीला ते समोरच्या एखाद्याला उभं करायचे आणि विचारायचे, "तुमच्या शेजाऱ्याच्या दाराला रंग कोणता हो?" तो माणूस डोकं खाजवायचा, सगळे हसायचे. "रोज बघता आणि दिसत नाही," दादा म्हणायचे. माइकवर ते हळू बोलायचे. आवाज चढवला की शब्द मरतो, असं त्यांचं मत होतं. हल्ली माझ्या नातीच्या मोबाइलवर लेखनाच्या कार्यशाळा चालतात. कानात बोळे घालून ती ऐकत असते आणि मधेच मला सांगते, "आजी, दुःख सांगायचं नसतं, दाखवायचं असतं." मी म्हणते, हो बाई, मला ठाऊक आहे. मी ते ज्या वयात ऐकलं त्या वयात ऐकायला नको होतं, हे तिला कसं सांगू.

आता सुमीचं सांगितलं पाहिजे. सुमी माझ्या पाठची, चौथं वर्ष लागलेलं. स्टँडच्या मागं राहत असल्यामुळं तिला कंडक्टर व्हायचं होतं. ओसरीतल्या बाजेवर आम्हाला बसवायची, "फुडं सरका, फुडं सरका, लय जागा हाय," म्हणत तिकिटं फाडायची आणि बाजेच्या दोरीला हिसका देऊन तोंडानं टिंग टिंग करायची. एका शनिवारी तिचं अंग जरा कोमट लागत होतं. दादांना जिंतूरला व्याख्यान होतं. मायनं विचारलं, "आज ऱ्हाऊ द्या की." दादा म्हणाले, "अगं, पत्रिका छापल्यात त्यांनी. उद्या संध्याकाळच्या गाडीनं येतो." रविवारी सकाळी सुमी तापानं फणफणली, ओकाऱ्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि परभणीला हलवा म्हणाले. जीप बघायला माणूस धावला. जीप मिळाली तेव्हा दुपार कलली होती आणि सुमी गेली होती. तिकडं जिंतूरच्या मंडळींनी दादांना ठेवून घेतलं होतं, सोमवारी सकाळी आणखी एका शाळेत दोन शब्द बोला म्हणून. दादा सोमवारी दुपारी आले, हातात शाल आणि नारळ. लहान लेकरू, दहन नाही, माती दिली होती आदल्या दिवशीच. दादा उंबऱ्यातच खाली बसले. त्यांचं ते रडणं मी अजून विसरलेले नाही आणि ते खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी, सोयरेधायरे भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. आमच्याकडं तो शेजारच्या पटवारीणकाकूंनी आणला. मायनं घास हातात घेतला आणि तसाच धरून बसली. मीही काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी राणीसावरगावहून गोविंदमामा आणि गयाआजी आली. गयाआजी म्हणजे मायची चुलती. माय रांगत होती तेव्हाच तिची आई गेली, तिला या चुलतीनं आपल्या लेकरांबरोबर वाढवलं, लग्न लावून दिलं. माहेर म्हणजे मायला गयाआजीच. या माणसांना दादांचं असं गावोगाव हिंडणं मुळात पटत नव्हतं. "जावईबापू व्हते का घरी?" आजीनं आल्या आल्या विचारलं. माय म्हणाली, "व्हते की काकू. यांच्याच मांडीवर गेली." मी तिथंच बसले होते. मायनं माझ्याकडं बघितलंही नाही. नवऱ्याला माहेरच्या माणसांत मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी ती खोटं बोलली. दादा भिंतीला टेकून बसले होते, तेही काही बोलले नाहीत.

वर्षा-दीड वर्षानं दादा पुन्हा व्याख्यानाला निघाले आणि सेलूच्या एका शाळेत मी ते उदाहरण पहिल्यांदा ऐकलं. "'ती रडली' असं कधी लिहू नका," दादा म्हणाले. "माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. आमचं लहान लेकरू गेलं. मी दारात उभा होतो. आत लेकरू निजवलेलं, आणि माझी बायको चुलीपुढं बसून तव्यावरची भाकरी उलटत होती. डोळ्यातून टिपूस नाही. भाकरी करपली तरी ती उलटत होती, पुन्हा पुन्हा उलटत होती. मित्रहो, दुःख असं असतं. लिहायचं तर ती करपलेली भाकरी लिहा." सगळी शाळा चिडीचूप. मग टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका बाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी गोंधळून गेले. दादा दारात होते का? माय भाकरी करत होती का? मला तर सगळं वेगळं आठवत होतं. पण दादा इतकं नीट, इतकं बारकाईनं सांगत होते की माझा माझ्याच आठवणीवरचा भरवसा उडाला. आता कळतं, अंगणात येरझारा घालताना आतून येणारी ती थपथप त्यांनी उचलून त्या दिवसात नेऊन ठेवली होती. त्या दिवसातलं त्यांच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

त्यानंतर हे उदाहरण प्रत्येक व्याख्यानात आलं. सभा ढिली पडली, पोरं चुळबुळायला लागली, की दादा ते काढायचे आणि सभा हातात यायची. घरी मी ते कधी बोलले नाही. माय विचारायची, "कसं झालं?" दादा म्हणायचे, "बरं झालं."

मग राणीसावरगावचं बोलावणं आलं. तिथं देवळापुढच्या मंडपात व्याख्यानमाला भरवायचं ठरलं होतं आणि गोविंदमामा मंडळात होता. "आपल्या दाजीला आणू," असं त्यानंच म्हटलं असणार. माय यावेळी म्हणाली, "मी बी येते." माहेरच्या गावात नवऱ्याला हार घालताना बघायचं, कुठल्या बाईला नको असतं? तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, मला रिबिनी बांधल्या. गंगाखेडला गाडी बदलून आम्ही उतरलो तर मामानं दादांसाठी चक्क बैलगाडी सजवून आणली होती. मला लय मजा वाटली. जेवणात मामीनं पुरणाचा घाट घातला होता, आणि गयाआजी दादांच्या पोळीवर तूप ओतताना म्हणाली, "जावईबापू, आमची पोर तुमच्या नावानं गावात मिरवायलीय बगा आज."

सभा दुपारी चारला सुरू झाली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, पुढं पोरं. माइक शिट्टी वाजवत होता, मंडळाचा एक जण सारखा उठून त्याला चापटी मारत होता. दादांनी शेजाऱ्याच्या दाराचा रंग विचारला, तर तो माणूस म्हणाला, "निळा. गेल्या दिवाळीला म्याच दिला." सगळे हसले, पण दादांना हवं तसं नाही. खेड्यात माणसाला शेजाऱ्याचं दार ठाऊक असतं, तिथं ही युक्ती चालणार कशी. बाया आपसात बोलायला लागल्या, मागं कुणीतरी तंबाखू मळत होतं. मी दादांच्या तोंडाकडं बघत होते आणि मला कळलं, आता ते उदाहरण येणार. माझ्या शेजारी माय बसली होती, पलीकडं गयाआजी. दादा इथं नको, असं मी मनात म्हणत होते. दादांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. बायकोचा आपण मान वाढवतोय, असंच त्यांना वाटत असणार. "तुमच्याच गावच्या लेकीची गोष्ट सांगतो," ते म्हणाले.

ते सांगत गेले तशी सभा गप्प झाली. दारात उभा होतो, लेकरू निजवलेलं, तवा, भाकरी, डोळ्यातून टिपूस नाही. पण सेलूतली ती शांतता आणि ही शांतता वेगळी होती. दादा करपलेल्या भाकरीवर येऊन थांबले आणि टाळी पडली नाही. बाया एकमेकींकडं बघत होत्या.  गयाआजी तोंड वळवून मायकडं बघत होती, आणि मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शांते, मेलेलं लेकरू घरात आसताना चूल पेटवलीस व्हय गं?"

मंडपातली एकूण एक मान मायकडं वळली. दादांच्या तेव्हा ध्यानात आलं, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चूल पेटवत नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. लिहिणाऱ्या माणसाला भाकरी दिसली आणि भाकरीखालचा जाळ दिसला नाही, एवढंच. मायपुढं आता दोनच वाटा होत्या. न्हाई म्हणावं, तर नवरा भर सभेत खोटा पडतो, आणि तो दारात नव्हता, जिंतूरला होता, हेही निघतं. हो म्हणावं, तर आपल्याच माहेरात आपण काळीज नसलेली बाई ठरतो. दादांच्या हातात माइक होता. एक वाक्य त्यांना बोलता आलं असतं. मी त्यांच्याकडं टक लावून बघत होते, बोला, बोला म्हणून. ते बोलले नाहीत. माय उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "व्हय काकू. पेटवली म्या. थोरली सकाळधरनं उपाशी व्हती." मग सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी खाली बघत राहिले. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. गयाआजीनं वाजवली नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घराकडं चालू लागली.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो.  मग दादा म्हणाले, "शांता, असं का म्हणालीस?" माय खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मंग काय सांगू? तुमी नव्हता म्हणून सांगू? एवढ्या माणसांत तुमाला खोटं पाडू?"  माय पुढं म्हणाली, "जे झालं ते झालं. पण आता माझं सांगू नगा कुठं. अन् सांगायचंच आसंल तर तिचं नाव तरी घ्या. लेकरू गेलं, लेकरू गेलं, म्हणता. तिला नाव व्हतं की." दादांनी मान हलवली. "नाही सांगणार. तुझी शप्पथ," ते म्हणाले. मायनं डोळे पुसले. त्या दिवसभरात ती तेवढीच रडली, आणि तेही एसटीत, माणसं मधल्या वाटेत उभी असताना.

पुढं परभणीच्या एका कॉलेजात दादांना बोलावलं. मोठं सभागृह, वर पंखे, प्राध्यापक मंडळी, माळे भरलेले. दादा त्या दिवशी घाबरलेले होते. उदाहरणाशिवाय त्यांनी अर्धा तास काढला, आणि मागची पोरं बाहेर जायला लागली. दादा थांबले, पाणी प्यायले. मला वाटलं, आता संपवतील. त्यांनी पेला ठेवला आणि म्हणाले, "माझ्याच घरातली गोष्ट सांगतो." दार, लेकरू, तवा, भाकरी, सगळं आलं. पण यावेळी ते तिथं थांबले नाहीत. "पुढं एका सभेत एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या बायकोला विचारलं, मेलेलं लेकरू घरात असताना चूल पेटवलीस? तर ती काय म्हणाली असेल? ती एवढंच म्हणाली, थोरली उपाशी होती. मित्रहो, संवाद असा लिहा." आणि त्यांनी पहिल्या रांगेकडं हात केला. "ती थोरली इथं बसलीय." सगळं सभागृह उठून उभं राहिलं. इतक्या टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. शेजारच्या प्राध्यापकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. 

घरी आलो तर माय ओसरीत सुपात ज्वारी निवडत बसली होती. दादा कपडे बदलायला आत गेले. "कसं झालं?" तिनं मला विचारलं. मी तिच्याजवळ टेकले. "घेतलं का तिचं नाव?" मी मान हलवली, नाही. माय खडे वेचत राहिली. नंतर तिनं दादांना कधीच विचारलं नाही, कसं झालं म्हणून. पाण्याचा तांब्या द्यायची, नारळ फडताळात ठेवून द्यायची. मीही त्यांच्याबरोबर जायचं सोडलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात गयाआजीचा नवरा वारला. निरोप आला तसं मायनं आपली चूल न पेटवता पटवारीणकाकूंच्या चुलीवर ढीगभर भाकरी थापल्या, पिठलं हाटलं, लाल मिरचीचा ठेचा वाटला आणि टोपलं फडक्यात बांधून आम्ही दोघी निघालो. माहेरच्या दुःखात लेकीचा घास गेला पाहिजे. तिथं पंगत बसली तेव्हा सोयऱ्यांची सगळी टोपली उघडली, आमचं तसंच राहिलं. मी मामीला म्हटलं, "मामी, ते आमचं." मामी मायला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "वन्सं, राग नगा मानू. काकू म्हंत्यात, जिनं लेकराच्या मढ्याम्होरं भाकर भाजली तिच्या हातचा घास नगं."  माय गयाआजीच्या पाया पडली, आजीनं पाय आखडून घेतले. दुपारच्या गाडीनं आम्ही परतलो, टोपलं मायच्या मांडीवर. गंगाखेडच्या स्टँडाबाहेर मेंढरं घेऊन निघालेलं एक बिऱ्हाड सावलीला थांबलं होतं. मायनं टोपलं त्यांच्यापुढं सोडलं. त्यातली म्हातारी म्हणाली, "माय, कशाची म्हणावी गं ही भाकर? कुणाचं काय हाय?" माय म्हणाली, "कशाची न्हाई. जास्तीची झाली." ती माणसं पोटभर जेवली, ठेच्याचं कौतुक केलं, आणि माय त्यांच्याजवळ बसून त्यांना वाढत राहिली. त्या दिवशी मी घरी येऊन हे सगळं दादांच्या तोंडावर सांगितलं. त्यांच्या हातात दुसऱ्या कादंबरीचे कागद होते. त्यांनी ते खाली ठेवले.

त्यानंतर ते उदाहरण त्यांनी सोडलं. इतरांकडून मला ते कळायचं. उदाहरण गेलं आणि व्याख्यान अळणी झालं, बोलावणी हळूहळू आटली. दुसरी कादंबरी शेवटपर्यंत झाली नाही. राणीसावरगावला जाऊन खरं सांगावं, असं त्यांच्या मनात येत असेल का? येत असणार. पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता माणसाचं आयुष्य निघून जातं. मायनं तो विषय पुन्हा काढला नाही. दोघं एकमेकांना धरून राहिली, औषधं, डोळ्याचं ऑपरेशन, नातवंडं, सगळं केलं. गयाआजी मात्र मायशी शेवटपर्यंत तुटकच वागली. लग्नाकार्यात भेटली तर "बरी हाईस का" एवढंच. माय त्या एका वाक्यासाठी लग्नाला जायची.

माय गेली ती माझ्या परभणीच्या घरी, भर दुपारी. दादा तिच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होते. भेटायला लोक येऊ लागले. लेखकाचं घर, काहीतरी मोठं ऐकायला मिळेल अशी काहींची अपेक्षा होती. दादा प्रत्येकाला एकच सांगत, "मी इथंच होतो." दूधवाल्यालाही तेच, जुन्या विद्यार्थ्यालाही तेच, "मी इथंच होतो." मला त्यांची दया आली. इतकी वर्षं माझ्या मनात जे गोठून राहिलं होतं ते त्या चार दिवसांत थोडं सैल झालं.

पाचव्या दिवशी गयाआजी आली, नातवाच्या जीपमधून. नव्वदीची, पाठीत वाकलेली, कानानं पार गेलेली. सुनेच्या डोक्यावर टोपलं होतं. माणसांनी हॉल भरला होता, आजी वाट काढत दादांपुढं येऊन बसली. दादा म्हणाले, "मी इथंच होतो, काकू." "आं?" आजी म्हणाली. दादांनी पुन्हा सांगितलं. आजीनं मान हलवली. मग दादा जरा थांबले आणि म्हणाले, "सुमी गेली तेव्हा नव्हतो." "काय म्हंत्यात?" आजीनं कानामागं हात धरला. दादांनी आवाज चढवला. मी त्यांना चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. "सुमी गेली तेव्हा मी घरी नव्हतो! जिंतूरला होतो! चूल पेटली नव्हती, काकू! शांतानं पेटवली नव्हती! मी खोटं सांगितलं!" रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असे ते ओरडले. 

आजी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत होती. "मंग 'व्हय' का म्हणली ती?"

"माझ्यासाठी," दादा म्हणाले. हे तिला पहिल्याच वेळी ऐकू गेलं.

"तिच्या हातची भाकर म्या परत धाडली," आजी म्हणाली.  "मंग त्या दिशी काय करीत व्हती माझी लेक?"

 दादा माझ्याकडं वळले. तेव्हा मला समजलं की त्यांनी मायला हे कधी विचारलंच नव्हतं. मलाही नाही. मी उठले, आजीच्या कानाशी बसले आणि तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. "आजी, माय ओसरीत बसली होती. सुमीला मांडीवर घेऊन, स्टँडकडं तोंड करून. माणसं न्यायला आली, तर देईना. म्हणत होती, संध्याकाळची गाडी येऊ द्या. बापाला तोंड दिसू द्या लेकराचं."

 दादांनी हळूच मला विचारलं, "आली होती गाडी?"

"आली होती," मी म्हणाले.